अकरा कोंबड्या, शेजारचा कुत्रा आणि चार महिन्यांचा पाठपुरावा

रविवार, १२ जानेवारी २०२५ रोजी फोंड्याला भाचीच्या मुलीचे बारसे आटोपून आम्ही संध्याकाळी पाचच्या सुमारास घरी पोहोचलो. मोटारीचा आवाज ऐकला की आमच्या कोंबड्या दाण्याच्या आशेने फाटकापर्यंत धावत येत. त्या दिवशी एकही आली नाही. तुळशीवृंदावनापाशी पिसांचा सडा पडला होता, आणि त्याच्या मागे परसदारी, विहिरीच्या काठाने, नारळाच्या आळ्यात, खुराड्याच्या दारात अशा दहा कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्यांतली एकच थोडी खाल्लेली होती. सासूबाई सोप्याच्या पायरीवर बसल्या त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या या घरात त्या लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे बावन्न वर्षे, कोंबड्या पाळत आहेत.

आमच्याकडे चौदा कोंबड्या आणि दोन कोंबडे होते, सगळे गावठी. त्या दिवसापासून पुढचे चार महिने आम्ही कुठे कुठे गेलो, काय खर्च झाला आणि काय चुकले ते लिहून ठेवते आहे, कारण असे घडल्यावर पहिले पाऊल कोणते उचलायचे हे सांगणारे आम्हाला कोणी भेटले नव्हते.

यजमानांनी खड्डा खणायला घेतला होता. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला आणि त्याने आधी फोटो काढा, मग पुरा, असे बजावले. हे त्याने वेळेवर सांगितले नसते तर पुढचे काहीच जमले नसते. प्रत्येक कोंबडीचा, खुराड्याच्या फाटलेल्या जाळीचा आणि ओल्या मातीत उमटलेल्या पंजांचा फोटो आम्ही शेजारी मोजपट्टी ठेवून काढला. दोन कोंबड्या पशुवैद्यांना दाखवण्यासाठी जाड पिशवीत बांधून थंड जागी ठेवल्या आणि बाकीच्या तीन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरल्या. खड्डा उथळ राहिला तर दुसरे कुत्रे उकरतात आणि परसाची वाट त्यांना कायमची कळते.

दिवेलागणीला सासूबाई उठल्या आणि नेहमीसारखी "ती-ती-ती" अशी हाक घालत परसभर फिरल्या. न्हाणीघराच्या मागे रचलेल्या जळणाच्या आतून अगदी बारीक आवाज आला. लाकडे एकेक करून बाजूला केली तेव्हा भिंतीला चिकटून बसलेली आमची काबरी कोंबडी दिसली. वरून तिला काही झालेले दिसत नव्हते, पण पंखाखाली बोट घातल्यावर हाताला ओलसर लागले. पिसे बाजूला केली तर कातडीवर दातांच्या चार खुणा होत्या, मुगाच्या दाण्याएवढ्या आणि खोल. कोंबडीची जखम पिसांखाली लपते, म्हणून वाचलेली प्रत्येक कोंबडी हातात घेऊन, पिसे उलटी फिरवून तपासावी लागते, हे त्या रात्री कंदिलाच्या उजेडात कळले. आणखी पाच जिवंत सापडल्या. जखमा कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावले आणि त्यांना टोपलीखाली अंधारात, निवांत ठेवले, कारण जखमेइतकीच धास्तीनेही कोंबडी दगावते.

कुत्रा कोणाचा हे दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराने सांगितले. संध्याकाळचे पाव घेऊन तो चारच्या सुमारास आला होता, तेव्हा त्याने आमच्या आवारातून दोन कुत्रे बाहेर पडताना पाहिले होते. एक शेजारच्या भाईंचा तपकिरी टायगर आणि दुसरा वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, फिरणारा, कोणाचाच नसलेला काळा कुत्रा. भाई आणि वहिनी दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. मुलगा बोटीवर नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला असताना आईवडिलांना सोबत म्हणून त्याने हे पिल्लू आणले आणि तो परत गेला. जोरदार अंगाच्या तरुण कुत्र्याला साखळी धरून फिरवण्याची ताकद त्या दोघांत नाही, म्हणून दिवसातून दोनदा फाटक उघडून "जा, फिरून ये" एवढेच होत असे.

मी त्याच रात्री त्यांच्याकडे गेले, आणि ही माझी चूक झाली. मी रडकुंडीला आले होते आणि आवाज चढला होता. भाई म्हणाले, "आमचा टायगर असं करायचा नाही गो. लहान मुलं त्याच्याशी खेळतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जो कुत्रा मुलांशी प्रेमाने वागतो तोच कोंबडी फडफडताना पाहून तिच्या मागे लागतो. पळणाऱ्या, फडफडणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे हे त्याच्या रक्तात असते. भूक नसली तरी तो एकीमागून एक मारत जातो, आणि दोन कुत्रे एकत्र आले की एकमेकांच्या नादाने ते अधिकच चेवतात. म्हणूनच दिवसाढवळ्या अनेक कोंबड्या मरून पडलेल्या आणि फारशा न खाल्लेल्या आढळल्या की पहिला संशय कुत्र्यावर घ्यावा. उदमांजर रात्री येते, तर ससाणा पिल्ले उचलून नेतो. पण हे सगळे मला नंतर समजले. त्या रात्री आमचे बोलणे तुटले आणि पुढचे चार आठवडे भाईंच्या घरचा आणि आमचा संवाद बंद होता.

सोमवारी, १३ जानेवारीला, शाळेतून रजा घेऊन मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दोन्ही मेलेल्या कोंबड्या तपासल्या, काबरीला आणि आणखी एकीला प्रतिजैविकाचे औषध दिले आणि आमच्या विनंतीवरून "कुत्र्याच्या चाव्याने मृत्यू" अशी लेखी नोंद शिक्क्यासह दिली. तपासणीचे शुल्क पडले नाही, बाहेरून आणलेल्या औषधांना ३८० रुपये लागले. कुत्र्यांना रेबीजची लस दिलेली आहे का, असे त्यांनी विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. यजमानांच्या बोटाला जाळीची तार लागून ताजे कापले होते आणि त्याच हाताने त्यांनी लाळेने भिजलेल्या कोंबड्या उचलल्या होत्या. डॉक्टरांनी लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगितले, कारण रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असला आणि कोंबडीपासून त्याची भीती नसली, तरी कुत्र्याची लाळ उघड्या जखमेत जाणे हे चाव्यासारखेच गंभीर धरले जाते. केंद्रात बोट साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायला लावले आणि लस सुरू केली. १३, १६ आणि २० जानेवारी आणि शेवटची १० फेब्रुवारी अशा चार फेऱ्या झाल्या, सगळ्या मोफत. दोन्ही कुत्र्यांवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितले होते आणि ते दोघेही ठणठणीत राहिले. मेलेल्या कोंबड्या उचलताना हातमोजे, निदान प्लास्टिकच्या पिशव्या, हातात घालाव्यात, एवढे साधे आम्हाला सुचले नव्हते.

त्याच रात्री आणखी एक कोंबडी गेली. म्हणजे एकूण अकरा.

संक्रांतीच्या दिवशी पंचायतीत गेले. तिथे पहिल्यांदा हा विषय आपल्याकडे येत नाही असे सांगण्यात आले, दुसऱ्यांदा संबंधित कर्मचारी रजेवर होते आणि तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. चौथ्या खेपेला, मंगळवारी २१ जानेवारीला, मी दोन प्रती नेल्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठले नाही. अर्जात राग लिहायचा नाही, एवढे मी ठरवले होते. घटना कधी आणि कुठे घडली, कोणी काय पाहिले, किती नुकसान झाले आणि पंचायतीकडून नेमके काय हवे, हे एका पानात लिहिले आणि फोटो, पशुवैद्यांची नोंद आणि औषधांची पावती जोडली. नुकसानीचा हिशेब असा मांडला होता: दहा कोंबड्यांचे प्रत्येकी ६०० प्रमाणे ६,०००, अकरांतल्या एका कोंबड्याचे, म्हणजे नराचे, ९०० आणि औषधांचे ३८०, एकूण ७,२८० रुपये. बाजारात गावठी कोंबडी त्या आठवड्यात काय भावाने जाते ते दोन ठिकाणी विचारूनच आकडा घातला, त्यामुळे पुढे कोणी त्यावर वाद घातला नाही.

दरम्यान पोलीस ठाण्यातही चौकशी केली. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावून सांगितले आणि ते मला महत्त्वाचे वाटते. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ हे पाळीव प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचे आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे, पण ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीच्या धोक्याला लागते, कोंबड्यांना नव्हे. जनावर मारण्याबद्दलच्या कलम ३२५ साठी नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते. म्हणजे मालकाच्या दुर्लक्षामुळे कोंबड्या गेल्या तर भरपाईचा मार्ग समझोत्याचा, नाहीतर दिवाणी दाव्याचा.

हेच कलम ३२५ मला दुसऱ्या कारणाने लक्षात ठेवावे लागले. त्या दोन आठवड्यांत आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या माणसाने एकच उपाय सांगितला: बांगडा माशात विष घालून ठेवा. एकाने पुडी आणून देण्याचीही तयारी दाखवली. कुत्र्याला विष घालणे हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालीही कारवाई होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या परसात मांजर फिरते, मुले अनवाणी खेळतात आणि कोंबड्या माती उकरतात, तिथे विष ठेवण्याचा विचार माणसाच्या मनात येतो कसा? सासूबाईंनी त्या माणसाला चहा न विचारता परत पाठवले. त्यांच्या हातून असे पूर्वी कधी झालेले मी पाहिले नव्हते.

पंचायतीच्या पाक्षिक बैठकीत ३० जानेवारीला अर्ज वाचला गेला आणि ४ फेब्रुवारीला आमच्या वाड्याच्या पंच बाई पाहणीला आल्या. काळ्या कुत्र्याला पकडून दूर सोडून यावे अशी काही शेजाऱ्यांची मागणी होती. तसे करता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला त्याच्या मूळ जागीच सोडावे लागते. एक कुत्रा हलवला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि तो लस न घेतलेला असू शकतो. त्याच नियमांत पाळीव कुत्र्याची लस आणि जंतांचे औषध ही मालकाची जबाबदारी आहे असेही म्हटले आहे.

त्यांच्याच पुढाकाराने रविवारी, ९ फेब्रुवारीला, आमच्या सोप्यावर बैठक झाली. भाई आले, सोबत वहिनीही आल्या. मुलगा बोटीवरून फोनवर होता. टायगरचे लसीचे पुस्तक वहिनींनी पदराखालून काढून पुढे ठेवले. त्यात शेवटची नोंद पिल्लू आणले तेव्हाची होती. "आम्हाला वाटलं एकदाच द्यायची असते," असे त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. तोपर्यंत माझ्या मनात जो राग होता तो त्या क्षणी ओसरला. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

लेखी समझोता एका कागदावर झाला आणि त्यावर पंच बाईंची साक्षीदार म्हणून सही घेतली. भाईंनी ४,००० रुपये द्यायचे, आपल्या कुंपणाची तीन भगदाडे बुजवायची, कुत्र्याला महिन्याभरात लस आणि निर्बीजीकरण करून घ्यायचे आणि माणूस सोबत असल्याशिवाय आवाराबाहेर सोडायचे नाही. आमच्या बाजूने, पक्के खुराडे बांधायचे आणि घरात कोणी नसेल तेव्हा कोंबड्या मोकळ्या ठेवायच्या नाहीत. पूर्ण ७,२८० घेतले नाहीत याबद्दल मला कोणी कोणी बोल लावला. आमचे जुने खुराडे तकलादू होते, हे मला स्वतःला माहीत होते.

टायगरला दुसऱ्याच दिवशी लस दिली आणि १९ फेब्रुवारीला खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. भाईंना ४,५०० रुपये खर्च आला. पण खरा प्रश्न त्याच्या फिरण्याचा होता. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि सुटला की दुप्पट वेगाने धावतो, म्हणून नुसते बांधून ठेवणे हे उत्तर नव्हते. नववीतला आमचा मुलगा आता रोज संध्याकाळी त्याला पट्ट्याने तासभर फिरवतो. सुरुवातीला खुराड्यापासून तीस पावलांवर थांबायचे, टायगरने कोंबड्यांवरून नजर काढून मुलाकडे पाहिले की खाऊ द्यायचा, आणि काही दिवसांनी पाच पावले पुढे सरकायचे. मार्चअखेर तो दहा पावलांवर शांत बसू लागला. तरीही त्याला कोंबड्यांत मोकळा सोडायचा नाही, यावर आम्ही ठाम आहोत. ज्या कुत्र्याने एकदा कोंबडी मारली त्याच्या शांत बसण्यावर विसंबू नये.

काळ्या कुत्र्यासाठी प्राणी कल्याण संस्थेची गाडी यायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडला. शस्त्रक्रियेनंतर पाच दिवसांनी त्याला परत आणून सोडले तेव्हा त्याच्या कानाला खाच होती. निर्बीजीकरण झालेला कुत्रा त्या खाचेवरून लांबूनही ओळखता येतो.

खुराड्याचे काम १ ते ८ मार्च चालले. २०२२ साली आम्ही बांबू आणि षटकोनी कोंबडीजाळी वापरून ३,५०० रुपयांत खुराडे केले होते. ती जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. टायगरने ती दातांनी कापडासारखी फाडली होती. या वेळी खाली चिऱ्यांचे तीन थर, त्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्याला वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळी, असे केले. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची जाळी आहे, कारण मुंगूस आणि साप मोठ्या भोकातून येतात. वर एक इंचाची आहे. कुत्रा नेहमी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतो, म्हणून चारी बाजूंनी बाहेरच्या अंगाला दीड फूट रुंद जाळी जमिनीत चार इंच खाली आडवी अंथरली, भिंतीला तारेने घट्ट बांधली आणि वर माती लोटली. गवंड्याला हे आधी पटत नव्हते, जाळी उभी पुरावी असे त्याचे म्हणणे होते. पण आमच्याकडे हातभर खाली जांभा लागतो, उभी पुरायला कितीतरी खणावे लागले असते, आणि आडव्या जाळीवर उभा राहून उकरणाऱ्या कुत्र्याला मागे सरकून सुरुवात करायचे सुचत नाही. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या लावल्या. आत रात्रीसाठी प्रत्येक कोंबडीला दोन चौरस फूट जागा आणि बसायला नऊ इंच दांडी धरली. पावसात पाणी आत येऊ नये म्हणून जोते एक फूट उचलले आणि पत्र्याला पुढे दीड फुटाची वळचण ठेवली. चिरे ३,०००, जाळी ८,२००, पाइप आणि वेल्डिंग ६,५००, पत्रे ३,९००, सिमेंट-रेती १,६००, कड्या आणि हूक ४००, गवंड्याची मजुरी ४,४००, असे २८,००० रुपये झाले. एवढे एकदम शक्य नसेल तर आधी जमिनीतली आडवी जाळी आणि खालचे दोन फूट करावेत, असे मी सांगेन. वरचे काम महिनाभराने केले तरी चालते.

आता कोंबड्या दुपारी तीननंतर, आम्ही घरी असतानाच बाहेर सोडतो. काळोख पडायच्या आत त्या आपणहून दांडीवर जाऊन बसतात. दार लावण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे ठेवले आहे आणि त्या रोज मोजून लावतात.

काबरीची जखम भरायला पाच आठवडे लागले आणि त्या काळात तिने अंडे घातले नाही. एप्रिलमध्ये ती खुडूक झाली. १२ एप्रिलला तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आणि एकविसाव्या दिवशी, ३ मे रोजी, नऊ पिल्ले बाहेर आली. पिल्ले पाहायला वहिनी कुंपणापलीकडून सकाळ-संध्याकाळ येतात. भाईंनी दोन नारळ आणि मूठभर तांदळाच्या कण्या पाठवल्या होत्या.

शनिवारी, १७ मेच्या सकाळी, खुराड्याच्या मागच्या बाजूला माती उकरलेली दिसली. चार इंचांवर जाळी उघडी पडली होती, तारेवर नखांचे ओरखडे होते आणि तिथेच खणणे थांबले होते. आत काबरी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली होती आणि सासूबाईंनी मोजली तेव्हा नऊच्या नऊ होती. भाईंना विचारले, टायगर रात्रभर आत होता. दुपारी मुलाने वाड्याच्या टोकाला एक नवी, पांढऱ्या पायांची कुत्री पाहिली. तिच्या कानाला खाच नाही. फोटो काढले, जाळीवर माती पुन्हा लोटून वर दोन चिरे ठेवले आणि सोमवारी, १९ मे रोजी, तिच्या लसीकरणासाठी आणि निर्बीजीकरणासाठी पंचायतीत अर्ज दिला. या वेळी अर्जाखाली भाईंचीही सही होती, आणि आवक क्रमांक पहिल्याच खेपेला मिळाला.